साठ हजार गुणिले सहा, की पाच?

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर रविवारी आंघोळ झाली की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करतात. रविवार हा त्यांच्या ‘डी’चा, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचा वार. ८ आठवडे, आठवड्याला एक कॅप्सूल, जेवणानंतर. खूण सकाळी, कॅप्सूल दुपारी. या मधल्या चार-पाच तासांचं आमच्या घरात कधी कुणाला काही वाटलं नव्हतं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर आईंनी स्ट्रिप काढून टीपॉयवर ठेवली, तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला, फोन लांबला आणि फोननंतर त्यांचा डोळा लागला. तीन वाजून दहा मिनिटांनी मी बाहेरच्या खोलीत आले तर आमची कुत्री ठकी टीपॉयखाली पसरलेली, दोन पंजांच्या मध्ये चंदेरी चुरगळा, आणि फरशीवर रुपयाएवढा पिवळसर तेलकट डाग. बोट लावून पाहिलं तर गुळगुळीत, चिकट. ठकीने शेपटी हलवली. चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही.

ठकी चार वर्षांची, गावठी, तांबूस. एक कान उभा आणि एक कायमचा पडका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मली आणि तिसऱ्या महिन्यात जिना चढून आमच्याकडे राहायला आली. पावाची पिशवी, साबणाची वडी, मुलीच्या दहावीच्या वहीची पाठची चार पानं, हा तिचा आजवरचा खाद्येतिहास. त्यामुळे माझी पहिली प्रतिक्रिया खरं तर कंटाळ्याची होती. आता ही स्ट्रिप. त्यात आई उठून म्हणाल्या, “अगं, ती माझी डीची. व्हिटॅमिनच आहे, औषध थोडंच आहे!” मलाही हायसं वाटलं. घरात आईंच्या बीपीच्या गोळ्या असतात, माझ्या गुडघ्यासाठीच्या असतात. त्यातलं काही नाही म्हटल्यावर मी तेवढ्यातल्या तेवढ्यात दोन मिनिटं निर्धास्त झाले होते, हे कबूल करते.

तरी फोन केला. रविवार दुपार, त्यात पुणं. पुढचं सांगायला नको. आम्ही लसीकरणासाठी जातो ते डॉक्टर तिसऱ्या वेळी लागले. जेवणावरून उठल्यासारखा आवाज. “व्हिटॅमिन ना? काही होत नाही. जुलाब होतील फार तर. उद्या संध्याकाळी बघू.” कॅप्सूल किती, कितीची, कुत्र्याचं वजन किती, यातलं काहीच विचारलं नाही. त्यांच्यावर राग धरावा की नाही यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. मी धरणाऱ्या पक्षात आहे.

माझी मुलगी मात्र एव्हाना फरशीवर बसून स्ट्रिपचे तुकडे जुळवत होती. तेरा तुकडे. त्यातल्या एकावर अर्धवट अक्षरं राहिली होती: ‘कोलेकॅल्सि’, म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल, हे ड जीवनसत्त्वाचंच नाव, आणि खाली ६०,००० आययू, म्हणजे युनिट. तिने सोसायटीच्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं आणि कुणीतरी पौड रस्त्याकडच्या एका दवाखान्याचा नंबर दिला, रविवारीही उघडा असणारा. तिथल्या डॉक्टर बाईंनी फोन उचलला.

“काय खाल्लंय?”

“ड जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल.”

“एक कॅप्सूल किती युनिटची?”

“साठ हजार.”

फोनवर क्षणभर काहीच नाही. मग, “किती खाल्ल्या? कधी? वजन किती हिचं? उलटी झाली का? चालतेय नीट? आधीचा काही आजार, किडनीचा वगैरे?”

मी अडखळत उत्तरं दिली. त्या म्हणाल्या, “लगेच निघा. घरी उलटी करवायला जाऊ नका, काही खायला-प्यायला देऊ नका. ते तुकडे पिशवीत घालून सोबत आणा. सगळे.”

खायला-प्यायला देऊ नका हे ऐकलं आणि मी स्वयंपाकघराकडे पळाले. कारण आईंनी विषावर उतारा म्हणून पातेलंभर दूध तापत ठेवलं होतं. ते ठकीच्या पोटात गेलं नाही याचं श्रेय कुणालाच नाही. दूध फार कढत होतं म्हणून राहिलं. पुढे डॉक्टरांकडून कळलं की या विषात खरा घात कॅल्शियम करतं. म्हणजे आम्ही उतारा म्हणून आगीत तेल ओतणार होतो. शेजारच्या काकांनी जिन्यातच सुचवलेलं मिठाचं पाणीही तसलंच. मिठाने उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम चढून कुत्रं त्यानेच दगावू शकतं. आमच्याकडे गुराढोरांपासून माणसांपर्यंत सगळ्यांना लागू पडणारे हे दोन-तीन उपाय कुणी ठरवून दिलेत कोण जाणे.

निघायच्या आधी आकडा हवा होता. मुलगी कालनिर्णयसमोर उभी. “स्ट्रिप आठची. खुणा तीन. म्हणजे पाच उरल्या होत्या.” मी तेच सांगायला फोन हातात घेतला, तर आई म्हणाल्या, “थांब. आजची घेतलीच कुठे मी? खूण सकाळीच करते.” म्हणजे सहा.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते: पंधरा किलोचं कुत्रं ॲक्टिव्हाच्या पायठेवणीवर बसतं. मागे मुलगी, तिच्या हातात पट्टा आणि तोंडात सूचना. पावणेचारला आम्ही दवाखान्यात होतो. आईंनी स्ट्रिप ठेवली ती दोनच्या सुमारास, त्यामुळे जास्तीत जास्त पावणेदोन तास झाले होते. डॉक्टरांनी हे तोंडातल्या तोंडात मोजलं आणि म्हणाल्या, “आहे वेळ.”

काट्यावर ठकी १५ किलो १०० ग्रॅम भरली. डॉक्टरांनी माझ्यासमोर कागदावर हिशोब मांडला, आणि तो कागद मी अजून फ्रिजवर लावून ठेवलाय. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. ६०,००० युनिट म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम. सहा कॅप्सूल, ९ मिलिग्रॅम. भागिले १५ किलो. किलोमागे ०.६ मिलिग्रॅम. “कुत्र्याच्या बाबतीत किलोमागे ०.१ च्या वर गेलं की आम्ही उलटी करवतो,” त्या म्हणाल्या. “०.५ च्या वर गेलं की किडनीची काळजी सुरू.” दीड मिलिग्रॅम! डाळीचा एक दाणा वजन केला तर किती भरेल, असलं काहीतरी माझ्या डोक्यात त्या वेळी चाललं होतं.

उलटीचं इंजेक्शन दिलं. ठकी शुद्धीत होती, नीट चालत होती, म्हणून देता आलं. गुंगीत असलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याला उलटी करवली तर ती फुप्फुसात जायची भीती. सात-आठ मिनिटं काही नाही, मग तोंडाला लाळ, दोनदा ओठ चाटणं, आणि मग वर्तमानपत्रावर सकाळची पोळी, भात, चार चंदेरी कपचे आणि दोन पिवळट, सुरकुतलेली सालं. कॅप्सूलची सालं. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काडीने ती उलटीसुलटी करून पाहिली. आत तेल नव्हतं. “फुटलेल्या आहेत. किती आत गेलं, किती बाहेर आलं, सांगता येणार नाही. आपण सगळं आत गेलं असंच धरू.”

इतक्यात आईंचा फोन. दिवाणाखाली झाडू घातला तर एक अख्खी कॅप्सूल निघाली, दात न लागलेली. म्हणजे पाच! मुलीचा चुकीच्या रीतीने काढलेला आकडा बरोबर ठरला आणि ती त्याही परिस्थितीत माझ्याकडे बघून हसली. पाच म्हणजे साडेसात मिलिग्रॅम, किलोमागे ०.५. बरोब्बर उंबरठ्यावर. मला वाटलं आता सुटलो. डॉक्टरांनी मात्र कागदावर आकडा खोडून नवा लिहिला आणि उपचारात काहीही बदल केला नाही.

मग कोळसा. औषधी कोळशाची भुकटी पाण्यात कालवून, मोठ्या सिरिंजने ओठाच्या कडेतून थोडी थोडी. त्याआधी उलटी थांबवायचं इंजेक्शन, कारण हा काळा रबडा श्वासनलिकेत जाऊन चालत नाही. ड जीवनसत्त्व आतड्यातून यकृतात जातं, पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतं, पुन्हा शोषलं जातं. अशा चकरा चालू असताना कोळसा त्याला आतड्यात गाठून धरून ठेवतो. म्हणून एकदा देऊन भागत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत तीनदा दिला. माझा लिंबू रंगाचा कुर्ता त्यात गेला. दवाखान्याची भिंत, टेबल, मुलीचे बूट आणि सोमवारी सकाळी सोसायटीच्या कडेची हिरवळ, सगळीकडे काळं. वॉचमनने विचारलं, “ताई, हिने डांबर खाल्लं काय?”

त्या रविवारी रात्री घरी आलो तेव्हा ठकी ठणठणीत होती. हेच या सगळ्यातलं सगळ्यात अवघड. ती जेवायला मागत होती, चेंडू आणून पायाशी टाकत होती, आणि तिच्या दंडावर रक्त काढल्याची पट्टी होती. नवरा कामासाठी नागपूरला, फोनवर म्हणाला, “अगं ठीक दिसतेय की. रोज रोज रक्त कशाला?” डॉक्टरांनी त्याचं उत्तर आधीच दिलं होतं: हे विष पहिल्या दिवशी काही दाखवत नाही. आधी फॉस्फरस चढतं, मागून कॅल्शियम, २४ ते ७२ तासांत. कुत्रं मलूल दिसायला लागेल तोवर मूत्रपिंडात चुना बसायला सुरुवात झालेली असते. चुना हा त्यांचाच शब्द, आणि तो माझ्या डोक्यातून जाईना. हृदयात, रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात. उंदीर मारायच्या काही औषधांत हेच द्रव्य असतं, हेही त्यांनीच सांगितलं.

नणंद न्यू जर्सीला असते. तिचे रात्रभर मेसेज. तिकडे एएसपीसीए या संस्थेचं प्राण्यांच्या विषबाधेसाठी २४ तासांचं केंद्र आहे. फी घेतात, पण फोनवर पशुविषतज्ज्ञ हिशोब करून देतात. “तुमच्याकडे काय आहे?” तिने विचारलं. आमच्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये विष माहिती केंद्र आहे, ते माणसांसाठी. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर आहे, पण त्यांच्या गाड्यांचा भर गावाकडच्या गाईगुरांवर. रविवारी दुपारी शहरातल्या कुत्रीला उपयोगी पडला तो सोसायटीचा ग्रुप. एरवी मी त्या ग्रुपला म्यूट करून ठेवते.

सोमवारी कोळशाऐवजी कोलेस्टिरामिनची पुडी लिहून दिली. माणसांचं कोलेस्टेरॉल कमी करायचं जुनं औषध, तेही पित्ताला धरून ठेवतं. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव: ठकी, कुत्री, वय ४ वर्षे. तीन मेडिकल फिरले. तिसऱ्या दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठी दोनदा वाचली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, “कुत्र्यांनाही कोलेस्टेरॉल व्हायला लागलं का हो आता?”

रिपोर्टचे आकडे मी मुलीच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागले. (ठकीने खाल्लेली चार पानं सोडून उरलेली वही.) रविवारी कॅल्शियम १०.१, फॉस्फरस ४.३. डॉक्टर म्हणाल्या होत्या, या दोन आकड्यांचा गुणाकार ६० च्या वर गेला की चुना साचायची भीती. रविवारचा आला ४३. सोमवारी संध्याकाळी कॅल्शियम ११.०, फॉस्फरस ६.१. गुणाकार ६७. कॅल्शियम अजून मर्यादेत होतं, पण त्यांनी वाट पाहिली नाही. पुढच्या पायाला सुई लावून सलाईन सुरू केलं. साधं सलाईनच, कारण रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या सलाईनमध्ये कॅल्शियम असतं. हे सांगायची त्यांना गरज नव्हती. पण त्या प्रत्येक गोष्ट सांगत होत्या आणि त्यामुळे मी घाबरले तरी गोंधळले नाही.

मंगळवार वाईट गेला. कॅल्शियम १२.६, फॉस्फरस ६.६. गुणाकार ८३. सलाईनच्या जोडीला लघवी वाढवणारं इंजेक्शन, त्यातून कॅल्शियमही बाहेर पडतं, आणि स्टिरॉइड सुरू झालं. ठकी पहिल्यांदाच आजारी दिसली. तुपाची पोळी नाकाशी धरली तर तिने नम्रपणे मान वळवली, जशी लग्नात पोट भरलेली माणसं वळवतात. पाणी मात्र भांडंच्या भांडं. रात्री दोनदा बाहेरच्या खोलीत लघवी, आणि दुसऱ्यांदा तर ती करता करता माझ्याकडे बघत उभी राहिली. स्ट्रिप फोडून खाताना जिला काही वाटलं नव्हतं ती आता ओशाळली होती. मी फडकं घेऊन फरशी पुसली आणि तिथेच तिच्याजवळ बसून राहिले.

त्या दिवशी आईही आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या होत्या. तीन दिवस त्या जवळजवळ बोलल्याच नव्हत्या. सलाईनच्या थेंबांकडे बघत त्यांनी एकदम डॉक्टरांना विचारलं, “मला दोन वर्षांपूर्वी सहा लाखांचं इंजेक्शन दिलं होतं. एकदम. मला काय झालं?”

डॉक्टर त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. “आजी, तुमचं वजन किती?”

“अठ्ठावन्न.”

“म्हणजे तुम्हाला किलोमागे दहा हजार. तेही दंडातून, महिनोन् महिने हळूहळू भिनणारं. हिला किलोमागे वीस हजार, पोटातून, एका दुपारी. माणसाला रोज साधारण ६०० युनिट लागतात. तुमची एक कॅप्सूल म्हणजे शंभर दिवसांचं. हिने पाचशे दिवसांचं माणसाचं खाल्लं.”

आईंनी तो हिशोब मनात पुन्हा करून पाहिला. त्या बँकेतून निवृत्त झाल्यात. मग म्हणाल्या, “मग उन्हात बसू देऊ का नको? उन्हानेही डी वाढतं ना?”

“बसू द्या खुशाल. कुत्र्यांच्या कातडीत उन्हाने ते फारसं बनतच नाही. पण दूध, दही, ताक, पनीर बंद. हाडं बंद. नाचणीसुद्धा.”

नाचणी ऐकून आईंचा चेहरा उतरला. ताकातली नाचणीची आंबील हा त्यांचा आणि ठकीचा सकाळचा सामायिक कार्यक्रम. घरी जाताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, “पौष्टिक म्हणून देत होते गं.” मी त्यांचा हात धरला. चूक त्यांची होती असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. स्ट्रिप टीपॉयवर ठेवणं ही चूक असेल तर ती आमच्या घरात रोज कुणी ना कुणी करतं; माझ्या गुडघ्याच्या गोळ्या महिनाभर टीव्हीच्या शेजारी पडून होत्या. त्याबद्दल डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, “त्यात आयब्युप्रोफेन आहे. त्या खाल्ल्या असत्या तर जठराला व्रण आणि किडनीवर घाला, दोन्ही. आजींच्या बीपीच्या गोळ्यांनी त्याच दिवशी रक्तदाब कोसळला असता. प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणून तर ते तेरा तुकडे मागवले.”

बुधवारी १२.३ आणि ५.६. गुणाकार ६९. गुरुवारी ११.६ आणि ४.९. मी दवाखान्याच्या पायरीवर बसूनच गुणाकार केला: ५७. मुलीला फोन करून नुसता आकडाच सांगितला. ती क्लासमध्ये होती, तरी तिने उचलला आणि म्हणाली, “साठच्या आत.” क्रिएटिनिन पहिल्यापासून शेवटपर्यंत १.१ च्या वर गेलं नाही, म्हणजे मूत्रपिंडं वाचली होती. शुक्रवारी सलाईनची सुई काढली. पण सुटका नव्हती. हे जीवनसत्त्व चरबीत मुरून राहतं आणि औषधं बंद केली की कॅल्शियम पुन्हा उचल खाऊ शकतं. त्यामुळे स्टिरॉइड हळूहळू कमी करत नेलं आणि पुढचे तीन आठवडे, आठवड्याला एकदा रक्त. सगळा खर्च चौदा हजारांच्या घरात गेला. पहिला फोन ऐकून सोमवार संध्याकाळची वाट पाहिली असती तर किती झाला असता, हा हिशोब मी वहीत मांडलेला नाही.

आईंनी औषधांचा डबा स्वतःहून लोखंडी कपाटात हलवला. किल्ली त्यांच्या कमरेला. दिवाणाखाली सापडलेली ती एक कॅप्सूल मात्र त्यांनी टाकली नाही. पुढच्या रविवारी स्वच्छ पुसून घेतली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “शंभर दिवसांची आहे, फुकट घालवायची?” आणि मग, पाण्याचा पेला खाली ठेवून, उठून कालनिर्णयवर खूण केली.

चौथ्या आठवड्यात रिपोर्ट आला, १०.३ आणि ४.४. डॉक्टरांनी हळूहळू सगळं सुरू करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी छोट्या वाटीत दोन चमचे आंबील ओतली, पातळ, मीठ न घातलेली. ठकीने वास घेतला, एकदा आईंकडे पाहिलं, आणि वाटी चाटत चाटत ती ढकलत सगळ्या खोलीभर फिरली, दिवाणाखाली जाऊन अडकेपर्यंत.